तगलेला दिसतो, हरलेला शोधावा लागतो

जनुकशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांची पाच-सहा वर्षे कशात जातात? बडोद्याच्या प्रयोगशाळांशी जोडलेल्या दोन वाटांचा मागोवा

१९७९ मध्ये ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात यीस्टवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखकांत पहिले नाव भरत चट्टू यांचे होते आणि त्यांच्यासोबत होते यीस्टच्या जनुकशास्त्रातले दिग्गज फ्रेड शर्मन. निबंधातली युक्ती चार ओळींत सांगता येते. यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो. यीस्ट वाढवायच्या प्लेटमध्ये नायट्रोजनसाठी फक्त अल्फा-अमिनोअ‍ॅडिपेट हे एकच द्रव्य ठेवायचे आणि जोडीला चिमूटभर लायसिन. धडधाकट यीस्ट या प्लेटवर वाढत नाही. ‘लिस-२’ हे जनुक निकामी झालेले यीस्ट मात्र मजेत वाढते. निरोगी पेशी त्या द्रव्याचे रूपांतर एका घातक पदार्थात करते आणि त्यातच अडकते, तर जनुक मोडलेल्या पेशीत तो पदार्थ तयारच होत नाही, असे त्यामागचे स्पष्टीकरण दिले जाते.

कोणतेही एक जनुक आपोआप बिघडण्याची घटना फार विरळ असते. काही लाख ते कोटीभर पेशींमागे अशी एखादी पेशी सापडते. एरवी ती हुडकायला जन्म पुरणार नाही. या प्लेटवर कोट्यवधी पेशी पसरल्या की बाकीच्या गप्प बसतात आणि हवी ती पेशी काही दिवसांत कॉलनी होऊन डोळ्यांना दिसते. शोधण्याचे काम संशोधकाने केलेच नाही, ते प्लेटने केले. याला निवड म्हणतात. जनुकशास्त्र शिकणे म्हणजे मुख्यतः अशी प्लेट सुचणे. यंत्रे, रसायने आणि संगणक त्यानंतर येतात.

करप्याच्या बुरशीची परीक्षा

पुढे चट्टू बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने मोजक्या विद्यापीठांत जैवतंत्रज्ञानाचे एमएस्सी अभ्यासक्रम उभे केले, त्या पहिल्या फळीत बडोदा होते. विद्यापीठाच्या जीनोम रिसर्च सेंटरमध्ये चट्टू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ज्या जीवावर काम केले, तो कोकणातल्या आणि मावळातल्या भातशेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे करपा रोगाची बुरशी, मॅग्नापोर्थे.

या बुरशीचा बीजाणू भाताच्या पानावर पडला की चिकटतो, त्याला एक नळी फुटते आणि तिच्या टोकाला घुमटासारखा फुगवटा तयार होतो. फुगवट्याच्या भिंतीत मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य भरले जाते. आत ग्लिसरॉल साठते, ते पाणी ओढून घेते आणि दाब वाढत जातो. हा दाब वातावरणाच्या सुमारे ८० पट जाऊ शकतो, असे १९९१ मध्ये मोजले गेले. त्या दाबाने बुरशीचा टोचा पानाची कातडी भेदून आत शिरतो. मेलॅनिन बनवू न शकणारी बुरशी निरोगी पानापुढे हतबल होते, पण पानाला आधीच जखम असेल तर आत घुसते. शेतकरी फवारतात ते ट्रायसायक्लाझोल याच जागी घाव घालते. मेलॅनिनची निर्मिती थांबली की बुरशीला पान भेदता येत नाही.

बुरशीत सुमारे ११ हजार जनुके आहेत. तिचा जीनोम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली कोणती जनुके रोग घडवतात, हे कसे ओळखायचे? जनुके एकेक करून मोडायची आणि बुरशी कुठे हरते ते पाहायचे. मोडण्यासाठी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू कामाला लावतात. झाडांवर गाठी आणणारा हा जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा दुसऱ्या जीवाच्या जीनोममध्ये घुसवतो. त्या तुकड्यात हायग्रोमायसिन या प्रतिजैविकाला तोंड देणारे जनुक जोडले की पुढचे काम सोपे होते. हायग्रोमायसिनच्या प्लेटवर जी बुरशी जगली, तिच्यात तुकडा शिरला आहे. इथपर्यंत निवड.

खरी मेहनत इथून पुढे. तुकडा कुठल्या जनुकात शिरला हे बुरशी सांगत नाही, आणि रोग घडवण्यात कमी पडणारी बुरशी आपोआप वर काढणारी प्लेट कोणालाही ओतता येत नाही. हरलेला जीव कॉलनी होऊन समोर येत नाही. मग प्रत्येक कॉलनी वेगळी वाढवायची, तिचे बीजाणू गोळा करायचे, पानांवर टाकायचे आणि डाग पडतात का ते पाहायचे. याला छाननी म्हणतात. शेकडो-हजारो कॉलन्यांची छाननी झाली की हाती काही संशयित लागतात.

संशयितावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हा प्रशिक्षणाचा गाभा. तुकडा एकाच जागी शिरला की दोन-तीन ठिकाणी, हे सदर्न ब्लॉट या डीएनए-चाचणीने तपासावे लागते. शेजारचा डीएनए वाचून जनुक ओळखावे लागते. शेवटची कसोटी सर्वांत कडक: त्या जनुकाची शाबूत प्रत बुरशीत परत घालायची. डाग पुन्हा पडू लागले तरच दोष त्या जनुकाचा. नाही पडले, तर वर्षभराची मेहनत दुसऱ्याच कुठल्या तरी बिघाडामागे गेली.

कागदावरची पायरी

कागदावर हा मार्ग सरळ दिसतो. एमएस्सी, मग नेट किंवा विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा, मग गाइड. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला (जेआरएफ) महिना ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२ हजार रुपये मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी किमान तीन वर्षांची, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे आणि कमाल मुदत सर्वसाधारणपणे सहा वर्षांची. पण कोणाची पीएचडी तीन वर्षांत उरकते आणि कोणाची सहा वर्षे घेते, हे नियमांपेक्षा प्रश्नाच्या जातीवर जास्त ठरते. निवडीचा प्रश्न असेल तर उत्तर काही आठवड्यांत प्लेटवर उगवते. छाननीचा असेल तर वर्षे जातात. सुरुवातीलाच गाइडला विचारावे असा प्रश्न एकच: माझ्या प्रयोगात उत्तर स्वतःहून दिसेल, की मला शोधावे लागेल?

भौतिकशास्त्रातून रायबोसोमकडे

बडोद्याचीच दुसरी वाट जगाला ठाऊक आहे. वेंकी रामकृष्णन तीन वर्षांचे असताना वडील बडोद्याच्या विद्यापीठात जैवरसायनशास्त्राचा नवा विभाग उभारायला आले. आईही शास्त्रज्ञ. घरी जीवशास्त्र असताना मुलाने भौतिकशास्त्र घेतले आणि १९७१ मध्ये ते बडोद्यातून बीएस्सी झाले. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएचडी मिळाली. त्यानंतर त्यांनी सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जीवशास्त्राचे विद्यार्थी म्हणून पुन्हा नाव घातले. पीएचडी हातात असताना पहिल्या वर्षाच्या मुलांसोबत वर्गात बसणे आणि प्रयोगशाळेत प्राथमिक तंत्रे शिकणे, असे दोन वर्षे चालले. १९७८ मध्ये ते येल विद्यापीठात पीटर मूर यांच्याकडे रायबोसोमवर काम करायला गेले.

रायबोसोम जनुकांतला संदेश वाचून प्रथिने बनवतो. जिवाणूंच्या रायबोसोमच्या लहान भागाची, म्हणजे ३०एस घटकाची, अणूंच्या पातळीवरची रचना रामकृष्णन यांच्या गटाने २००० मध्ये मांडली आणि २००९ मध्ये त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. यातही निवडीचे ऋण आहे. स्ट्रेप्टोमायसिनच्या प्लेटवर जगणारे जिवाणू जनुकशास्त्रज्ञांनी फार आधी वेचले होते. त्यांतल्या अनेकांत ‘एस-१२’ हे एकच रायबोसोमी प्रथिन बदललेले निघाले. त्यामागचे कारण दिसले ते २००० मध्ये, जेव्हा स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोममध्ये नेमके कुठे बसते याचे चित्र मिळाले. ते एस-१२ला खेटून बसते. जिवंत राहिलेल्या जिवाणूंनी पत्ता दशकांपूर्वीच दिला होता, घर नंतर सापडले.

याच रामकृष्णन यांना तरुणपणी आयआयटीत किंवा वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला नव्हता. प्रवेश परीक्षा हीसुद्धा एक प्लेटच असते. तिच्यात जे खाद्य घातले असेल त्यावर वाढणारेच ती वर काढते आणि उरलेल्यांबद्दल काहीच सांगत नाही. नेटची प्लेट पार करून आलेला विद्यार्थी पुढे प्रश्न कसे विचारील, हे त्या परीक्षेला कळत नाही. ते कळायला त्याच्या शेजारी बसून त्याचा फसलेला प्रयोग त्याच्यासोबत उलगडणारा गाइड लागतो, आणि दर आठवड्याला इतरांच्या दाव्यांतल्या फटी शोधणारा जर्नल क्लब लागतो. ही छाननी आहे. ती वेळ खाते, आणि देशातल्या प्रयोगशाळांना विद्यार्थी निवडण्याइतकाच वेळ त्यांना घडवण्यासाठी द्यायचा असेल, तर तो खर्च धरूनच चालावे लागेल.