कवड्या, खडू आणि अक्षराचं हिमफूल



आमच्या बचत गटानं पापडाच्या पाकिटावर मोबाईलवरून उतरवलेलं फूल छापलं होतं. आठवडी बाजारात पाहतो तर दुसऱ्या गटाच्या पाकिटावरही तेच फूल! गिऱ्हाईक विचारतंय, "ताई, मागचे चांगले पापड तुमचे की त्यांचे?" तेव्हा ठरवलं, आपलं चिन्ह आपणच काढायचं.

ते कसं काढायचं, हे हिमकणानं शिकवलं. आपल्या परभणीत बर्फ पडत नाही, गारा पडतात. गार म्हणजे गोठलेल्या पाण्याचा गोळा. हिमकण मात्र ढगातल्या वाफेपासून फुलतो. गोठताना पाण्याचे रेणू षटकोनात बसतात, म्हणून त्याला सहा फांद्या. खाली येताना सहाही फांद्यांना सारखीच हवा लागते, म्हणून त्या सारख्या वाढतात. दुसऱ्या कणाची वाट वेगळी, म्हणून त्याची नक्षी वेगळी. म्हणजे नियम एकच, नशीब ज्याचं त्याचं.

आता अंगणात करून बघू. दोऱ्याला खडू बांधून वर्तुळ काढा. तेवढ्याच दोऱ्यानं कडेवर खुणा करत जा, बरोबर सहा होतात. मध्यापासून प्रत्येक खुणेपर्यंत रेघ ओढा. गटाच्या नावाचं पहिलं अक्षर घ्या. पाच कवड्या टाका. जितक्या उताण्या, तितकी बोटं अक्षराची उंची. एकही उताणी नसेल तर परत टाका. दुसऱ्यांदा टाकून अक्षरापुढचे ठिपके ठरवा.

पहिल्या रेघेवर अक्षर काढताना त्याची शिरोरेषा मध्याकडे, रेघेला आडवी ठेवा. मग कवड्या बाजूला ठेवून उरलेल्या पाच रेघांवर हुबेहूब तेच काढा. सहा शिरोरेषा लांबवून जोडल्या की मधे षटकोन होतो. 'ध', 'भ' यांची शिरोरेषा तुटते, तिथं षटकोनाला खिडकी राहते. तीही शोभते.

संगणकाला हेच सांगतात: अक्षर काढ, 60 अंश फिर, असं सहा वेळा कर. सहा साठे 360, फेरी पूर्ण. अशा सूचनांना कोड म्हणतात. कवड्या संगणक स्वतःच टाकतो आणि क्षणात शंभर नमुने देतो. त्यातला चांगला कोणता, हे मात्र आपल्याच डोळ्यांनी निवडायचं.

रांगोळीत असं गणित असतं, हे जाणकारांनीही मानलंय. गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृथिवासन यांनी 1974 साली तमिळ बायकांच्या कोलमचे नियम संगणकाच्या भाषेत मांडणारा शोधनिबंध लिहिला.

आमच्यातल्या एक काकू म्हणायच्या, "कंप्युटर शिकलेल्यांचं काम." पण सूचना क्रमानं सांगणं त्यांना ठिपक्यांच्या रांगोळीनं कधीच शिकवलं होतं. परवा त्या सांगत गेल्या आणि नातीनं कोड लिहिला. आता पाकिटावर आमचंच अक्षर आहे.

पुढच्या बैठकीला कवड्या आणि खडू घेऊन बसा, मैत्रिणींनो. लेकींनाही जवळ बसवा.