भुयारातून कोण गेलं?

भुयार नसलेला जुना वाडा किंवा किल्ला महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. वाडा पाहायला गेलात की गावातलं कुणीतरी जाणतं माणूस तुम्हाला बाजूला घेतंच. हे भुयार थेट गडावर निघतं. आतून घोडेस्वार जाईल एवढी उंची आहे. एकदा एक वऱ्हाड आत शिरलं ते बाहेर आलंच नाही, म्हणून तोंड बुजवून टाकलं. गाव बदलतं, गडाचं नाव बदलतं, पण वऱ्हाड काही बदलत नाही.

मार्च 2019 मध्ये पुण्यात स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जमिनीखाली खरोखरच एक बांधीव भुयार लागलं. मग काय, ही पेशव्यांची गुप्त वाट, ती पर्वतीला जाते की शनिवारवाड्याला, यावर शहरभर खल सुरू झाला. जाणकारांनी पाहणी केली आणि त्यांचं मत पडलं, की ही पाण्याची जुनी वाहिनी असावी. पुष्कळांचा हिरमोड झाला. खरं तर आश्चर्याने तोंडात बोट घालायची वेळ तिथूनच सुरू होते.

अठराव्या शतकाच्या मध्याला पुणं झपाट्याने वाढत होतं. नव्या पेठा वसत होत्या, माणसं येत होती आणि नदी गावाच्या खालच्या अंगाला. खालचं पाणी वर चढवायला पंप नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी प्रश्न उलटा करून सोडवला. वर असलेलं पाणीच खाली आणायचं. 1749-50च्या सुमारास कात्रजच्या डोंगरपायथ्याशी तलावांचं काम हाती घेतलं गेलं. वरच्या तलावात गाळ बसायचा आणि निवळलेलं पाणी खालच्या तलावात यायचं. तिथून माणूस आत उतरून चालू शकेल असा दगडी बांधीव नळ जमिनीखालून निघाला, तो 8-9 किलोमीटर चालून थेट शनिवारवाड्यापर्यंत. ‘कात्रजचा घाट दाखवणं’ म्हणजे चकवणं, हे आपण सगळे जाणतो. पण याच कात्रजने पुण्याला दीड-दोनशे वर्षं इमानाने पाणी पाजलं.

या सगळ्या प्रवासात पाण्याला ढकलणारं काहीच नव्हतं. होता फक्त उतार, आणि खरी करामत त्या उतारात होती. तो जास्त झाला तर पाणी वेगाने धावून बांधकाम खरवडतं, कमी झाला तर गाळ साचून नळ तुंबतो. मैलोगणती अंतरात हा तोल सांभाळायचा, तोही ओळंबा, दोरी आणि अनुभवी डोळा यांच्या भरवशावर.

नळाच्या वाटेवर ठरावीक अंतराने दगडी मनोऱ्यासारखी बांधकामं उभी केलेली असत. त्यांना म्हणत ‘उच्छ्वास’. बंद नळातून पाणी वाहतं तेव्हा हवा अडकते, दाब वाढतो. ती हवा उच्छ्वासातून वर निघून जायची, आणि नळ साफ करायचा झाला तर आत उतरायची सोयही व्हायची. जमिनीखालून चालणाऱ्या पाण्याने मध्येमध्ये थांबून श्वास सोडावा, अशी ही कल्पना. नाव ठेवणारा गवंडी असो की कारकून, त्याच्या अंगात कवी होता यात शंका नाही.

शहरात आलेलं पाणी हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठ हौद. घागरी तिथे भरायच्या, आणि बातम्याही तिथेच. आज नळ घरात आले, पण फडके हौद चौकात उतरा असं पुणेकर अजूनही सांगतो. वस्तू विस्मरणात गेली तरी तिचं नाव पत्त्यात शिल्लक राहतं.

मग जमिनीखाली एखादी पोकळी सापडली तर ती वाट की वाहिनी, हे ओळखायचं कसं? भिंतीच सांगतात, फक्त विचारता आलं पाहिजे. माणसांसाठीच्या वाटेला पायऱ्या लागतात, दार लागतं, दिवा ठेवायला कोनाडा लागतो. पाण्याला यातलं काहीच नको. त्याला सलग उतार हवा आणि झिरपू न देणारा गुळगुळीत चुन्याचा गिलावा हवा. हा गिलावा अनेकदा एका उंचीपर्यंतच असतो, कारण पाणी तेवढंच चढायचं. सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे क्षारांचा थर. रोजच्या वापरातल्या जुन्या बंबाच्या आत जसं पांढरं कीट धरतं, तसंच या भिंतींवर धरतं. त्याची वरची कड सरळ आडवी असते, पट्टीने ओढल्यासारखी. पाणी जाऊन शंभर वर्षं झाली तरी ती रेघ त्याची उंची सांगत राहते. घोडेस्वार अशी रेघ मागे ठेवत नाहीत.

आता न खोदताही शोध घेता येतो. जमिनीत रेडिओलहरी सोडणारं रडार पृष्ठभागावरून फिरवलं, की पोकळीवरून येणारा प्रतिध्वनी वेगळा उमटतो. पण त्याहून जुनी युक्ती म्हणजे वर उभं राहून रांग शोधणं. जळगावच्या शेजारी, मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरला जा. मोगल अमदानीत, 1615च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान तिथे सुभेदार असताना बांधलेला कुंडी भंडारा तिथे आहे. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असतं. ते वाटेतच अडवायचं म्हणून शंभराच्या आसपास विहिरी एका रांगेत खणल्या आणि तळाशी बोगद्याने एकमेकींना जोडल्या. ही मूळ इराणची कनात पद्धत. वरून दिसतात त्या फक्त ओळीने बसलेल्या गोल कुंड्या. लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरलात की क्षारांनी मढलेल्या भिंतींमधून पाणी अजून चालताना दिसतं.

प्रत्येक भुयार पाण्याचंच निघतं असंही नाही. मुंबईत मलबार हिलवरच्या राजभवनात कुठेतरी भुयार आहे, असं जुनी माणसं सांगत. ऑगस्ट 2016 मध्ये एक बंद भिंत फोडली, तर आत 13 खोल्यांचं, पाच हजार चौरस फुटांहून मोठं ब्रिटिशकालीन बंकर निघालं. तिथे ओळख पटवायला क्षारांची रेघ लागली नाही. खोल्यांवर इंग्रजीत पाट्याच होत्या: शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, पंप, वर्कशॉप. तोफगोळ्यांचा संसार जागच्या जागी नोंदलेला. 2019 पासून तिथे संग्रहालय आहे.

उत्साहाच्या भरात एक चूक मात्र करू नका. बुजलेल्या भुयारात स्वतः शिरू नका. तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो. त्याला ना रंग, ना वास. वऱ्हाड परत न आल्याच्या गोष्टीत खरं काही असेल, तर एवढंच.

पण मग त्या गोष्टी निव्वळ थापा म्हणायच्या का? मला नाही तसं वाटत. कुणाच्या तरी आजोबांनी वाड्याजवळ एक तोंड पाहिलेलं असतं, दुसऱ्या कुणी डोंगराच्या पायथ्याशी दुसरं. दोन्ही जोडणारी ओळ त्यांनी बरोबर ओढलेली असते. पाणी आटलं, नळ विसरला गेला आणि रिकाम्या वाटेवर कुणाला तरी चालवणं भाग पडलं, तेव्हा राजा आला, घोडा आला, वऱ्हाड आलं. ओळ खरी, फक्त प्रवासी चुकला आणि प्रवासाची दिशाही. गोष्टीतला राजा जीव वाचवायला वाड्यातून डोंगराकडे पळतो. खरा प्रवास डोंगराकडून वाड्याकडे होता, आणि तोही जीव वाचवण्यासाठीच. एकट्या राजाचा नव्हे, हौदावर घागर घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांचा.