कानावरून गेलेलें गाणें

मुलांस गाण्याची गोडी लागावी म्हणून काय करावें, असा प्रश्न आमच्याकडे येणारे तरुण आईबाप अलीकडे वारंवार विचारतात. आम्ही पडलों शाळामास्तर; गवई नव्हे. सदतीस वर्षें फळ्यापुढें उभे राहून मुलांकडून रूपें व पाढे घोकवून घेतले, तेव्हां गोष्ट घोकवून घेण्याची असेल तर ती कशी करावी, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. परंतु गाण्याच्या बाबतींत हीच विद्या आमच्या स्वतःच्या घरांत कशी उलटली, हें सांगितल्यावांचून त्या प्रश्नाचें खरें उत्तर देतां यावयाचें नाहीं. म्हणून थोडी घरगुती हकीकत सांगतों. तींत मिरविण्यासारखें फारसें कांहीं नाहीं, हें वाचकांच्या लौकरच ध्यानांत येईल.

आमचें बाळपण मिरजेस गेलें. १९६४ सालापासून पुढचें स्पष्ट आठवतें. वडील व दोन काका यांचें कुटुंब ब्राह्मणपुरींतील एका वाड्यांत एकत्र नांदत असे. दुपारच्या पंगतीस अठरा-वीस पानें सहज पडत. मुलांनीं सायंकाळीं परवचा म्हणावा, पाठशाळेंत जाऊन रूपावली व अमरकोश पाठ करावा, एवढीच वडील माणसांची अपेक्षा. घरांत गाणारें असें कोणी नव्हतें. निदान आम्हां सर्वांची तशी समजूत होती. पण मिरज गांवच असें कीं, तेथें गाणें घरांत नसलें तरी खिडकींतून येई.

शाळेच्या वाटेवर सतारमेकर गल्ली नव्हती. आम्ही ती वाटेवर आणीत असूं. शस्त्रें घडविणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतील फरीदसाहेब यांनीं एकोणिसाव्या शतकांत येथें तंतुवाद्यें करण्याचा धंदा सुरू केला व तो त्यांच्या वंशजांनीं पुढें चालविला. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां वर्तमानपत्रांनीं या गल्लीविषयीं बरेंच लिहिलें. आम्हांस मात्र तेथील वास प्रथम आठवतो : ताज्या भुशाचा, लाखेचा, आणि मंगळवेढ्याकडून आलेले मोठाले भोपळे भिंतीला टांगून सुकत असत त्यांचा.

एका दुकानीं एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी काढीत बसलेले असत. घोडीचा माथा कानशीनें अगदीं किंचित् घासावयाचा, तार चढवावयाची, तारेखालीं सुताचा दोरा सरकवून कान लावावयाचा, आणि मनासारखें झालें नाहीं कीं तार उतरवून पुन्हां घासावयाचें. हा उद्योग तासन्तास चाले. एके दिवशीं त्यांनीं तंबोरा छेडून आम्हांस विचारलें, "काय रे बाळ, किती सूर ऐकूं येतात?" आम्हीं पाहिलें, तारा चार; पण मधल्या दोन सारख्या वाजत होत्या व शेवटची तोच सूर खालून देत होती. म्हणून आम्हीं "दोन" असें उत्तर दिलें. ते म्हणाले, "डोळे मीट, आणि शेवटची तार विरेपर्यंत धीर धर." तसें करतां खर्जाच्या गुंजारवांतून वर कोठें तरी एक तिसराच सूर अलगद उमलला. तो कोणत्याच तारेचा नव्हता. आम्ही डोळे उघडून दुकानांत इकडे तिकडे पाहूं लागलों, तेव्हां म्हातारा खूप हंसला.

तो गांधार होता. तार सबंध कांपत असतां तिचे अर्धे, तिसरे, चौथे, पांचवे भागही आपापल्या परी कांपत असतात; त्यांतील पांचव्या भागाचा सूर तो हा, आणि चांगली जवारी असली म्हणजे असे सूक्ष्म सूर ठळक होऊन लांबतात. हें शास्त्र पुढें कैक वर्षांनीं वाचलें. त्या दिवशीं शाळेंत उशीरा पोंचल्याबद्दल ओणवें उभें राहावें लागलें, आणि तेंही आम्हांस जाणवलें नाहीं.

दुसरी गोष्ट आमच्या धाकट्या काकूंची. त्या माहेरच्या धारवाडकडच्या. लग्नापूर्वीं त्या दोन वर्षें गाणें शिकल्या होत्या, हें आम्हांस त्या वारल्यानंतर त्यांच्या भावाकडून कळलें. त्यांच्या हयातींत आमच्या घरीं हा विषय कधीं निघाला नाहीं. १९५२ सालापासून आकाशवाणीवर शनिवारीं रात्रीं शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम होत असे. रेडिओ ओटीवर होता. वडील व काका तेथें सतरंजीवर बसत. काकू माजघराच्या उंबऱ्याशीं ताटांत तांदूळ घेऊन निवडीत बसत, आणि आम्ही त्यांच्या मांडीवर डोकें ठेवून पडत असूं. त्या वेळीं तांदूळ निवडण्याची एवढी काय निकड असे, हा प्रश्न कोणास सुचला नाहीं. विलंबित ख्यालाच्या लयींत त्यांचा हात तांदुळांतून संथ फिरत राही आणि एका विशिष्ट ठिकाणीं क्षणभर थांबे. सम म्हणजे काय, हें आम्हांस कोणीं शिकविलें नाहीं. काकूंचा हात थांबला कीं ती सम.

खांसाहेब अब्दुल करीमखां हे मूळचे किराण्याचे, पण त्यांनीं मिरज आपलेंसें केलें होतें. १९३७ सालीं ऑक्टोबरांत मद्रासकडील प्रवासांत एका लहानशा स्टेशनावर त्यांनीं देह ठेवला. त्यांची कबर मात्र मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे. दर्ग्याच्या उरुसांत मोठमोठे गवई तेथें चिंचेच्या झाडाखालीं हजेरी लावीत. वडील आम्हांस घेऊन जात. घरांतील बायकांनीं रात्रीं जाण्याची चाल नव्हती. पहाटे परत येऊन पाहावें तों काकू चुलीपाशीं चहाचें आधण ठेवून वाट पाहत असत. "काय काय गाइलं रे?" हा पहिला प्रश्न. रागांचीं नांवें आम्हांस कोठून येणार! तेव्हां त्या म्हणत, "बरं, सूर आठवतो का बघ."

त्यासाठीं आम्ही एक युक्ति काढली होती. शेवटीं ऐकलेला मुखडा तेवढा धरून ठेवावयाचा, आणि दर्ग्यापासून घरापर्यंत कोणाशीं अवाक्षर बोलावयाचें नाहीं. ओंजळींत पाणी घेऊन चालावें तसे आम्ही चालत असूं. एकदां अर्ध्या वाटेवर वडिलांनीं "थंडी वाजते का रे?" म्हणून विचारलें, आम्ही "नाहीं" म्हटलें आणि सूर सांडला! आम्हांस तेथेंच रडूं कोसळलें. मुलगा झोपमोड झाल्यानें चिडला असें वडिलांस वाटलें. पण ज्या दिवशीं सूर शाबूत पोंचे, त्या दिवशीं काकू कान देऊन ऐकत व म्हणत, "मग तो ललत असणार." कधीं म्हणत, "छे, असं कुणी गाणारच नाही, तुझंच चुकतंय," आणि चार-पांच सुरांची ती जागा हलक्या आवाजांत स्वतः म्हणून दाखवीत. तो आवाज आम्ही विसरूं शकत नाहीं. एकदां ओटीवरून थोरले काका खांकरले. काकू तेथेंच थांबल्या व कपबशा मांडूं लागल्या. त्या खांकरण्यांत तेव्हां आम्हांस वावगें असें कांहीं दिसलें नाहीं.

थोरांच्या चरित्रांतही असें ओझरतें ऐकणें पुष्कळ आढळतें. पंडित भीमसेन जोशी (१९२२–२०११) हे गदगच्या एका शिक्षकाचे चिरंजीव. बालपणीं वाजंत्र्यांच्या मागोमाग जाऊन ते वाटेंतच झोपी जात, म्हणून वडिलांनीं त्यांच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असें लिहून ठेवलें होतें, असें सांगतात. अकराव्या वर्षीं, १९३३ सालीं, अब्दुल करीमखांची झिंझोटींतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकून ते घरांतून निघाले. तीन-साडेतीन मिनिटांची ती तबकडी! पुढें १९३६ च्या सुमारास ते खांसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशीं शिकूं लागले. श्रीमती प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांच्या पुण्यांतील घरीं तर गाण्याची परंपराच नव्हती. त्यांच्या आईची प्रकृति बरी नसे. मन रमावें म्हणून कोणीं तिला गाणें शिकण्याचें सुचविलें. आईची शिकवणी थोडक्यांतच आटोपली, पण शेजारीं बसून ती ऐकणारी आठ वर्षांची मुलगी पुढें आयुष्यभर गात राहिली.

हल्लीं संगीतानें मुलाची बुद्धि वाढते असें ऐकून कित्येकजण पाळण्यांतल्या मुलांनाही गाणीं ऐकवितात. या समजुतीस ज्या प्रयोगानें विशेष जोर आला, तो १९९३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यांत बालकें नव्हतींच. कॉलेजांतील विद्यार्थी होते, आणि मोझार्टचें वादन ऐकून त्यांच्यांत जो फरक दिसला तो दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाहीं. असो. मुलाच्या कानीं गाणें पडावें, हें आम्हांसही मान्य आहे. पण त्याचा हिशेब मागूं लागलें कीं तें कानीं पडत नाहीं, डोक्यावर पडतें.

शाकुंतलाच्या पांचव्या अंकारंभीं हंसपदिकेचें गीत आंतून ऐकूं येतें आणि दुष्यंताचें मन उगाच हुरहुरूं लागतें. राजास कारण कळत नाहीं. पूर्वजन्मींचे कांहीं स्नेह मनांत खोल रुतून राहिले असावेत, असें तो म्हणतो. पाठशाळेंत हा भाग वाचतांना आम्हांस वाटे कीं एवढें लांब जन्मांतरापर्यंत जावयास नको. माजघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलें तरी पुरें.

इतकें कळत असून आम्हीं केलें काय, तें आतां सांगावयाचें.

आमचा मुलगा आठ वर्षांचा झाला, तेव्हां १९९२ सालीं आम्हीं त्याच गल्लींतून त्याच्यासाठीं तंबोरा घेतला. पुढें आवाज फुटल्यावरही चालावा म्हणून चांगला मोठा, पुरुषी सुराचा घेतला. मग रोज पहाटे पांचाला त्यास उठवून षड्ज धरावयास बसविण्याचा परिपाठ सुरू झाला. सूर हलला कीं आम्ही व्याकरणाची चूक काढावी तशी काढीत असूं. एकदोनदां पाठींत धपाटाही बसला. मुलगा प्रवेशिका परीक्षा पहिल्या वर्गांत उतरला; तें प्रमाणपत्र आम्हीं चौकटींत घालून लावलें. नववींत असतांना एके पहाटे त्यानें तंबोऱ्यास गवसणी घातली, भिंतीशीं उभा केला, आणि शांतपणें म्हणाला, "बाबा, बास." त्या वेळीं त्याच्या तोंडावर जी सुटका दिसली, ती आम्हांस आजही दिसते. तो आतां चांगल्या नोकरीवर आहे, आमचें सर्व प्रेमानें करतो. पण गाडींत कोठें तंबोऱ्याचा आवाज लागला तर हात पुढें करून बंद करतो.

आमची मुलगी त्याच्याहून तीन वर्षांनीं लहान. ती दोन वर्षांपूर्वीं दिवाळीस नाशिकहून माहेरीं आली होती. सकाळीं फोनवर कोणाचा तरी भैरव लावून ती फराळाचीं ताटें पुशीत बसली होती. मध्येंच थांबून म्हणाली, "हा ऋषभ दादाला कधीच लागायचा नाही. मी नळापाशी बसून मनात लावायची." त्या दिवसांत नळाला पाणी पहाटे पांचालाच येई. भावानें सूर धरावा आणि बहिणीनें आईबरोबर पाणी भरावें, अशी वाटणी आमच्या घरांत न बोलतां ठरून गेलेली. मग तिनें विचारलें, "बाबा, मला का नाही हो बसवलंत?"

रागानें विचारलें असतें तर कांहीं उत्तर सुचलें असतें. आम्हीं नाकारलें असतें तरी तें एक कारण झालें असतें. खरी गोष्ट अशी कीं तें आमच्या मनांतच आलें नव्हतें. त्याच वर्षांत आम्ही शाळेंत स्त्रीशिक्षणावर निबंध लिहवून घेत होतों. थोरल्या काकांचें तें खांकरणें आम्हांस इतक्या वर्षांनीं ऐकूं आलें, आणि आम्ही तर खांकरलोंही नव्हतों.

ती नाशिकास वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं गाणें शिकूं लागली होती. हेंही आम्हांस त्याच दिवशीं कळलें. आम्हीं माळ्यावरचा तंबोरा उतरवून गल्लींत नेला. त्या वृद्ध कारागिराचे नातू आतां दुकानीं बसतात. त्यांनीं दांडीवरून हात फिरविला व म्हणाले, "सर, वस्तु चांगली आहे. तारा बारीक घालून, घोडी बदलून ताईंच्या सुराला चालवूं. पण खरं विचाराल तर ताईंना त्यांचा तंबोरा पाहिजे." आम्हीं नवा तंबोरा सांगितला. ते म्हणाले, "दोन महिन्यांनी या."

तंबोरा मांडीवर आडवा घेऊन आम्ही स्वतः बसनें नाशिकास गेलों. रात्रीं सर्व निजानीज झाल्यावर मुलगी तो लावावयास बसली. जोड जुळला, खर्ज जुळला, पंचम मात्र मण्याच्या बोटभर सरकण्यानें कधीं चढे, कधीं उतरे. बऱ्याच वेळानें तिनें चारी तारा सावकाश छेडल्या व डोळे मिटले. किती सूर ऐकूं येतात, असें विचारावयास आम्हीं तोंड उघडलें, तों ती हलकेच म्हणाली, "बाबा, जरा बोलूं नका."