कानातली नागीण : इअरफोन नाही, कान बंद पडतो तेव्हा

समजा, सकाळी उठून तुम्ही इअरफोन लावले आणि उजव्या बाजूचा आवाज गायब. तुम्ही काय कराल? ब्लूटूथ बंद-चालू. मग डावा इअरफोन उजव्या कानात घालून बघाल. तरीही उजव्याच कानाला ऐकू येत नसेल, तर बिघाड इअरफोनचा नाही. कानाचा आहे. आणि तो थांबण्यासारखा नसतो.

अशा अचानक बहिरेपणाची कारणं बरीच आहेत. आज त्यातलं एक बघू : कानातली नागीण. वैद्यकीय नाव रॅमसे हंट सिंड्रोम. १९०७ मध्ये जेम्स रॅमसे हंट या अमेरिकन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. पण आपल्या पिढीला तो कळला जून २०२२ मध्ये, जस्टिन बीबरच्या व्हिडिओमुळे. आठवतंय? चेहऱ्याची एक बाजू हसत नव्हती, एक डोळा मिटत नव्हता.

होतं काय, तर लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये झोपून राहतो. वय, आजारपण किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती, अशा कशाने तरी तो जागा होतो. छाती-कमरेवर उठला की आपण त्याला नागीण म्हणतो. हाच विषाणू चेहऱ्याच्या, म्हणजे सातव्या, मज्जातंतूत जागा झाला की कानात ठणका लागतो, कानावर किंवा तोंडात पाणी भरलेले फोड येतात, चेहरा एका बाजूला ओढला जातो.

मग ऐकू येणं का जातं? कारण ऐकण्याचा आणि तोल सांभाळण्याचा आठवा मज्जातंतू याच्या अगदी शेजारी, हाडातल्या त्याच अरुंद बोगद्यातून जातो. एकाला सूज आली की शेजाऱ्यालाही झळ बसते. कानात शिट्टी वाजते, गरगरतं, ऐकू येणं कमी होतं.

आता महत्त्वाचं. विषाणूविरोधी गोळ्या आणि स्टेरॉइड, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने, पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर बरं होण्याची शक्यता वाढते. आपण नेमके हेच तीन दिवस घालवतो! कुणी म्हणतं मळ असेल, थेंब टाक. कुणी गेरूचा लेप लावतं, कुणी नागीण उतरवायला नेतं. नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती खोटी आहे. खरी भीती उशिराची.

आणि फोडांची वाट बघू नका. ते कधी उशिरा येतात, कधी येतच नाहीत. डोळा मिटत नसेल तर तो कोरडा पडून बुबुळाला इजा होते, तेही डॉक्टरांना लगेच सांगा.

तर लक्षात ठेवा : एका कानाचं अचानक गेलं, की त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ. घरात आजीचा कान दुखत असेल, तर आज जरा नीट बघा. भेटूया पुढच्या भागात!