सभासदत्वाच्या दारावरील टोलवाटोलवी



मुंबईकरांस सभासदत्वाची संवय फार जुनी आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालीं स्थापन झालें. गिरगांवांतील मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ सालचा. अशा संस्थेचा सभासद होणें म्हणजे वर्गणी भरणें, पावती घेणें आणि दारावरील कारकुनास ओळखपत्र दाखविणें, एवढाच व्यवहार पूर्वीं असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबईसह कांहीं मोठ्या शहरांतून इंटरनेट सामान्य जनतेस खुलें केलें, आणि पुढें यथाक्रम वर्गणी, तिकिटें व पुस्तकांची मागणी हे सारे व्यवहार घरबसल्या होऊं लागले. कारकुनाची जागा संकेतस्थळावरील लॉगिनच्या पानानें घेतली.

या नव्या कारकुनाविषयीं एक तक्रार आमच्या वयाच्या मंडळींकडून वारंवार ऐकूं येते. सभासद आपलें नांव लिहितो, पासवर्ड लिहितो, बटण दाबतो. पान क्षणभर हलतें, आणि पुन्हां तेंच लॉगिनचें पान समोर उभें राहतें. ‘पासवर्ड चुकला’ असें कोणी म्हणत नाहीं; ‘आंत या’ असेंही कोणी म्हणत नाहीं. गृहस्थ तीन वेळां पासवर्ड बदलतो. अखेर कंटाळून ‘मदतीचा दूरध्वनि क्रमांक’ इंटरनेटवर शोधतो, आणि तेथें भेटलेला गोड आवाज त्याच्याकडे मोबाइलवर आलेला ओटीपी मागतो. पुढें काय होतें, तें सांगावयास नको. म्हणून हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाहीं. दोष कोठें आहे हें न कळल्यामुळें माणूस भलत्याच दारीं जातो, हें त्यांतील खरें संकट होय. मी शाळामास्तर, यंत्रशास्त्री नव्हें. परंतु हा विषय फळ्यावर खडूनें समजावून सांगतां येईल इतका सोपा आहे, असें मला वाटतें.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. पासवर्ड चुकला असेल, तर संकेतस्थळ बहुधा तसें स्पष्ट सांगतें. कांहीं न बोलतां तेंच पान परत आलें, किंवा ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणजे ‘फार वेळां अन्यत्र पाठविलें गेलें’ अशी सूचना आली, तर बहुधा पासवर्ड निर्दोष असतो. दोष दाराच्या व्यवस्थेंत असतो. अशा वेळीं पासवर्ड बदलणें म्हणजे कुलूप बिघडलें असतां किल्ली बदलीत बसणें होय.

आतां हें ‘अन्यत्र पाठविणें’ काय असतें? जुलै २०१८ मध्यें एल्फिन्स्टन रोड स्थानकाचें नांव प्रभादेवी झालें. जुन्या नांवानें चौकशी करणारास लोक सांगूं लागले, ‘त्यालाच आतां प्रभादेवी म्हणतात.’ संकेतस्थळेंही असेंच करतात. जुन्या पत्त्यावर आलेल्या ब्राउझरला सर्व्हर उत्तर देतो, ‘हें पान येथें नाहीं; अमुक पत्त्यावर जा.’ यालाच पुनर्निर्देशन किंवा रीडायरेक्ट म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. ३०१ या अंकाचा अर्थ ‘कायमचें स्थलांतर’, आणि ३०२ या अंकाचा अर्थ ‘तूर्त तिकडे जा’. ३०१ हें उत्तर ब्राउझर पाठ करून ठेवूं शकतो, आणि पुढच्या खेपेस सर्व्हरला न विचारतांच नव्या पत्त्याकडे वळतो. हा अंक चुकून दिला गेला, तर चूक सुधारल्यावरही कांहीं सभासदांच्या यंत्रांत ती कां टिकून राहते, याचें कारण यावरून कळेल.

योगायोग असा कीं, त्याच जुलै २०१८ मध्यें गूगलच्या क्रोम ब्राउझरनें एचटीटीपी या साध्या पद्धतीच्या सर्व संकेतस्थळांवर ‘सुरक्षित नाहीं’ अशी खूण दाखविण्यास आरंभ केला. सुरक्षित पद्धतीचें नांव एचटीटीपीएस. साधी पद्धत म्हणजे उघडें पोस्टकार्ड. वाटेंतील कोणीही वाचावें. सुरक्षित पद्धत म्हणजे लाख लावून बंद केलेला लखोटा. म्हणून साध्या पत्त्यावर येणाऱ्यास सुरक्षित पत्त्याकडे पाठविण्याचा नियम बहुतेक स्थळांनीं केला. नियम योग्यच होता. परंतु जेथें तो अर्धवट अमलांत आला, तेथें टोलवाटोलवी सुरू झाली.

ती समजण्यासाठीं आणखी एक वस्तु पाहिली पाहिजे. वेबच्या मूळ पद्धतींत सर्व्हरला स्मरणशक्ति नाहीं. तुम्ही एक पान पाहून दुसरें मागितलें, तर मागणारा तोच गृहस्थ, हें त्यास ठाऊक नसतें. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू मॉन्टुली यांनीं यावर उपाय काढला, तो म्हणजे ‘कुकी’. लॉगिन झालें कीं सर्व्हर ब्राउझरला एक लहानशी ओळखचिठ्ठी देतो. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढील प्रत्येक पान मागतांना दाखवितो. नाटकाच्या मध्यंतरांत बाहेर पडलेला प्रेक्षक तिकिटाचा तुकडा दाखवून परत आंत जातो, तसाच हा प्रकार. तो तुकडा हरवला, तर द्वारपाल पुन्हां तिकिटाच्या खिडकीकडे बोट दाखविणारच. आपल्या तक्रारीचें मर्म यांतच आहे: लॉगिन होतें, पण चिठ्ठी पुढच्या दारापर्यंत पोंचत नाहीं.

ती कां पोंचत नाहीं? याचीं कारणें मोजकींच आहेत.

पहिलें कारण, दोन नांवें. एकाच संस्थेचा पत्ता आरंभीं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून एक, आणि तो न लावतां दुसरा, असे दोन असूं शकतात. आपणांस ते एकच वाटतात; ब्राउझरच्या दृष्टीनें तीं दोन निरनिराळीं घरें होत. चिठ्ठी एका घरीं मिळाली आणि सभासदास दुसऱ्या घरीं पाठविलें, तर विशेष तजवीज नसल्यास चिठ्ठी पहिल्याच घरीं राहते.

दुसरें कारण, लखोटा आणि पोस्टकार्ड यांची सरमिसळ. ‘मला केवळ बंद लखोट्यांतूनच पाठवावें’ असा शिक्का चिठ्ठीवर मारतां येतो, आणि मारावाच. पण लॉगिननंतर एखादा जुना नियम सभासदास साध्या पत्त्याकडे पाठवीत असेल, तर ब्राउझर आज्ञाधारकपणें चिठ्ठी दाखवीत नाहीं. द्वारपालास चिठ्ठी दिसत नाहीं, आणि स्वारी परत लॉगिनच्या पानावर येते.

तिसरें कारण, मधला मध्यस्थ. पुष्कळ स्थळांपुढें एक मध्यस्थ सर्व्हर उभा असतो. तो वाचकाकडून बंद लखोटा घेतो, फोडतो, आणि आंतील मुख्य सर्व्हरला उघडें पोस्टकार्ड नेऊन देतो. मुख्य सर्व्हर म्हणतो, ‘हें पोस्टकार्ड आहे, लखोट्यांतून या.’ ब्राउझर पुन्हां लखोटा पाठवितो, मध्यस्थ पुन्हां फोडतो. दादरच्या पुलावर दोन पाट्या एकमेकींकडेच बोट दाखवूं लागल्या, तर प्रवाशाची जी गत होईल, तीच येथें ब्राउझरची होते. क्रोम अशा सुमारें २० फेऱ्या मारून थांबतो आणि वर सांगितलेली सूचना दाखवितो.

चौथें कारण, शिळी आठवण. डिसेंबर २०२३ मध्यें दादर स्थानकांतील फलाटांना सलग क्रमांक दिले गेले, आणि मध्य रेल्वेचा पूर्वींचा फलाट १ हा ८ झाला. जुना क्रमांक डोक्यांत ठेवून जाणारा भलत्याच फलाटावर उभा राहणार. त्याप्रमाणेंच ब्राउझर जुनें ३०१ किंवा जुनी चिठ्ठी धरून बसतो. अथवा मधला सर्व्हर लॉगिनच्या पानाची जुनी प्रत सर्वांस वांटीत राहतो.

पांचवें कारण वर्गणी भरतांना भेटतें, आणि तें सर्वांत जाचक आहे. पैसे भरण्यासाठीं संस्थेचें स्थळ आपणांस बँकेच्या पानाकडे पाठवितें, आणि काम झाल्यावर बँकेकडील पान परत धाडतें. फेब्रुवारी २०२० पासून क्रोमनें असा नियम आणण्यास आरंभ केला कीं, स्पष्ट परवानगी नसलेली चिठ्ठी दुसऱ्या स्थळानें भरून पाठविलेल्या अर्जाबरोबर जाऊं द्यावयाची नाहीं. नियम सभासदाच्या संरक्षणासाठींच आहे. त्यांत ताज्या चिठ्ठीला दोन मिनिटांची सवलत ठेवली होती. परंतु चष्मा शोधून ओटीपी वाचून तो लिहीपर्यंत दोन मिनिटें सहज उलटतात. मग बँकेंत पैसे कापले जातात, आणि संस्थेचें पान मात्र अनोळख्याप्रमाणें ‘लॉगिन करा’ म्हणतें. अशा वेळीं पुन्हां पैसे भरूं नयेत. बँकेचा व्यवहार क्रमांक टिपून ठेवावा आणि संस्थेकडे लेखी चौकशी करावी.

आतां सभासदानें काय करावें, तें क्रमानें सांगतों.

प्रथम, जतन करून ठेवलेल्या जुन्या खुणेवरून लॉगिनच्या पानावर थेट जाऊं नये. संस्थेच्या पावतीवर छापलेला पत्ता स्वतः लिहावा आणि मुख्य पानावरून आंत जावें. दुसरें, ब्राउझरची खासगी खिडकी, जिला इन्कॉग्निटो म्हणतात, ती उघडून प्रयत्न करावा. तेथें दार उघडलें, तर दोष आपल्या यंत्रांतील शिळ्या चिठ्ठीचा समजावा, आणि त्या एकाच स्थळाच्या कुकी पुसून टाकाव्या; सगळ्या पुसण्याची गरज नाहीं. तिसरें, कुकी घेण्यास ब्राउझरमध्यें बंदी घातलेली नाहीं ना, आणि यंत्रांतील तारीख व वेळ बरोबर आहे ना, हें पाहावें. घड्याळ चुकलें असतां खरें प्रमाणपत्रही यंत्रास खोटें वाटतें. चौथें, सार्वजनिक वाय-फाय सोडून मोबाइलचें इंटरनेट वापरून पाहावें. जानेवारी २०१६ मध्यें मुंबई सेंट्रल येथें स्थानकावरील मोफत वाय-फायचा आरंभ झाला, हें अनेकांस आठवत असेल. अशा व्यवस्थेंत आधीं तिचें स्वतःचें लॉगिन पुरें व्हावें लागतें. तोंवर ती आपणांस आपल्याच पानाकडे वळवूं पाहते, आणि सुरक्षित स्थळ तें मानीत नाहीं.

एवढ्यानें काम न झाल्यास दोष संस्थेकडे आहे, असें खुशाल समजावें आणि पत्र लिहावें. पत्रांत वेळ, पानाचा पत्ता, ब्राउझरचें नांव आणि दिसलेली सूचना लिहावी. पासवर्ड किंवा ओटीपी कोणासही, संस्थेच्या माणसासही, सांगूं नये. कोणाची फसवणूक झालीच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. यांत विलंब फार महाग पडतो.

संस्थेचें स्थळ सांभाळणाऱ्या तरुण मित्रांसही दोन शब्द. ब्राउझरच्या विकसकांसाठींच्या साधनांत ‘नेटवर्क’ नांवाचा विभाग असतो. तेथें प्रत्येक फेरी ओळीनें दिसते: कोणत्या पत्त्यानें कोठें पाठविलें, चिठ्ठी कोठें दिली, आणि कोणत्या दारीं ती दाखविली गेली नाहीं. तर्क करण्यापूर्वीं तें वाचावें. संस्थेचा एकच अधिकृत पत्ता ठरवून तोच स्थळाच्या मांडणींत, सर्व्हरवर आणि मध्यस्थाकडे, तिन्ही ठिकाणीं लिहावा. वळविण्याचें काम एकाच जागीं आणि एकाच टप्प्यांत व्हावें. मध्यस्थ व मुख्य सर्व्हर यांमधील वाटही सुरक्षित करावी, आणि वाचक मूळचा लखोट्यांतूनच आला होता हें मध्यस्थानें ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ या ओळीनें मुख्य सर्व्हरला कळवावें. लॉगिनच्या पानाची प्रत कोठेंही सांठवूं नये. नवा नियम प्रथम ३०२ नें तपासावा आणि मगच ३०१ द्यावा. वर्गणी जमा झाली कीं नाहीं, हें सभासदाच्या ब्राउझरवर सोंपवूं नये. सर्व्हरनें बँकेकडून परस्पर खात्री करून घ्यावी.

एक उपाय मात्र कोणींही करूं नये. टोलवाटोलवी थांबत नाहीं म्हणून सुरक्षित पत्त्याचा नियमच काढून टाकावा, असा मोह होतो, आणि तसें केल्यास ती थांबतेही. पण मग चिठ्ठी पोस्टकार्डावरून प्रवास करूं लागते. ऑक्टोबर २०१० मध्यें एरिक बटलर यांनीं ‘फायरशीप’ नांवाचें एक लहानसें साधन प्रसिद्ध केलें. उघड्या वाय-फायवर शेजारीं बसलेल्या माणसाची चिठ्ठी उचलून त्याच्या नांवानें आंत शिरणें किती सोपें आहे, हें त्यानें जगास दाखविलें. पासवर्ड चोरण्याची गरजच उरली नव्हती.

दाराची कडी अडते म्हणून आपण दार काढून ठेवीत नाहीं, सुतारास बोलावितों. वर्गणीदाराचें नांव, पत्ता आणि पैसा हा संस्थेकडील ठेवा आहे. त्याच्या रक्षणासाठीं लावलेलें कुलूप नीट चालतें ठेवणें हें संस्थेचें काम, आणि तें नादुरुस्त असतां परक्याच्या हातीं किल्ली न देणें हें सभासदाचें काम. दोघांनीं आपापलें काम केलें, तर ही टोलवाटोलवी फार दिवस टिकणार नाहीं.