पोटाचा जमाखर्च

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी "आरोग्याविषयी काही सोपे, घरातल्या सर्वांना वाचता येईल असे लिहून द्या," अशी चालक मंडळींनी आम्हांला आज्ञा केली. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. गेली वीस-बावीस वर्षे शाळेत शास्त्र हा विषय शिकवणारे मास्तर आहोत. तेव्हा औषधांची नावे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु वर्गात जे मुलांना समजावून सांगतो, तेच त्यांच्या आईबापांपुढे ठेवण्यास हरकत नसावी, असे वाटून लेखणी हाती घेतली आहे.

दरवर्षी पचनसंस्थेचा धडा सुरू करताना आम्ही मुलांना एक प्रश्न विचारतो, "अन्न कोठे पचते?" सगळा वर्ग एकसुराने उत्तर देतो, "पोटात!" मग आम्ही विचारतो, "पोट म्हणजे नेमके काय?" यावर शांतता पसरते. वाचकहो, ही शांतता केवळ मुलांचीच नाही. ज्या पोटासाठी माणूस जन्मभर राबतो, त्या पोटाच्या आत काय चालते याची वास्तपुस्त आपण सहसा करीत नाही.

भाकरीच्या घासाचा प्रवास

पचनमार्ग ही तोंडापासून गुदद्वारापर्यंत गेलेली एक सलग नळी आहे. तिची लांबी सुमारे ९ मीटर भरते. जिवंत माणसात स्नायू आवळलेले असल्यामुळे ती याहून आखूड असते. भाकरीचा घास तोंडात गेला की दात त्याचे पीठ करतात आणि लाळ त्यात मिसळते. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागू लागते, हा अनुभव प्रत्येकाने घेतला असेल. लाळेतला पाचक पदार्थ पिष्टाची साखर करू लागतो, म्हणून ती गोडी येते. म्हणजे पचनाचे काम पोटात नव्हे, तोंडातच सुरू होते.

गिळलेला घास सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून आठ-दहा सेकंदांत जठरात उतरतो. तो केवळ वजनाने खाली पडत नाही. नळीचे स्नायू मागून आवळत त्याला पुढे ढकलतात. म्हणूनच आडवे पडून घेतलेला घोटही जठरात पोहोचतो.

जठर ही सव्वा-दीड लिटर मावेल अशी स्नायूंची पिशवी. तिच्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सीन असते. आम्ल बहुतेक जंतूंना मारते आणि पेप्सीन डाळ, मांस, अंडे यांतील प्रथिने फोडू लागते. हे ज्ञान मोठ्या चमत्कारिक रीतीने मिळाले. सन १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला चुकून बंदुकीची गोळी लागली. तो जगला, पण त्याच्या जठराचे छिद्र कायमचे उघडे राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या छिद्रातून आत सोडले, ठराविक वेळाने बाहेर काढून पाहिले, आणि १८३३ मध्ये आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पचन ही रासायनिक क्रिया आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

तथापि खरे पचन होते ते पुढे, लहान आतड्यात. यकृतातले पित्त तेलातुपाचे बारीक थेंब करते. स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने आणि स्निग्धांश या तिन्हींचा निकाल लावतो. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे असंख्य रसांकुर असतात, ते पचलेला रस रक्तात ओढून घेतात. या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असते, असे आम्ही विद्यार्थी असताना पुस्तकांत वाचले होते. सन २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटरांच्या आसपास भरले. म्हणजे मैदान नव्हे, पण एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या खोलीएवढे निश्चित. शेवटी मोठे आतडे उरलेले पाणी शोषून घेते आणि चोथा बाहेर टाकते.

नऊ लिटरांचा हिशेब

याच स्मरणिकेत पुढे ट्रस्टचा जमाखर्च छापलेला असेल. तसाच एक जमाखर्च आपल्या पोटातही रोज लिहिला जातो, आणि आमच्या मते सगळ्या धड्यात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

माणूस दिवसभरात खाण्यापिण्यातून सुमारे दोन लिटर पाणी पोटात घेतो. पण अन्न पातळ करण्यासाठी शरीर स्वतःच्या रक्तातून आणखी सात लिटर पाणी नळीत सोडते. ढोबळ मानाने लाळ दीड लिटर, जठररस दोन लिटर, पित्त अर्धा लिटर, स्वादुपिंडाचा रस दीड लिटर आणि आतड्याचा रस दीड लिटर. असे एकूण नऊ लिटर पाणी आतड्यात उतरते. त्यापैकी साडेसात लिटरांच्या आसपास लहान आतडे परत घेते. उरलेल्यापैकी बहुतेक सगळे मोठे आतडे ओढून घेते. मलावाटे बाहेर जाते ते अवघे १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या कपाएवढे.

म्हणजे शरीर रोज सात लिटर पाणी उसने देते आणि संध्याकाळच्या आत वसूल करते. वसुली थांबली तर काय होईल? जुलाब लागतात तेव्हा नेमके हेच होते. बाहेर पडणारे पाणी हे नुसते प्यायलेले पाणी नव्हे, ते रक्तातले पाणी असते, आणि त्याच्याबरोबर मीठही जाते. पटकीच्या तीव्र विकारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून एक लिटर पाणी गेले तर त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला, आणि तेवढ्याने त्याचा जीव धोक्यात येतो.

आमच्या घरातील एक गोष्ट

हा हिशेब आम्ही इतक्या आग्रहाने का सांगतो, तेही सांगितले पाहिजे. सन १९८८ च्या पावसाळ्यात, निपाणीच्या बाजूच्या एका खेड्यात, आमची चौदा महिन्यांची धाकटी बहीण जुलाबाने आजारी पडली. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे. दादी म्हणाली, "पाणी तोडा. पाणी दिले की जुलाब वाढतात." शेजारपाजारच्या जाणत्या बायांनीही तेच सांगितले. ती पोर माठाकडे हात करून रडत होती. पुढे रडताना तिच्या डोळ्यांतून पाणी येईना. मग ती रडायचीही थांबली. घरच्यांना वाटले, आराम पडला. तिसऱ्या दिवशी फजरच्या आधी ती गेली.

दादीचे तिच्यावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? त्यानंतर कित्येक वर्षे दादी तिचे लहानसे कुडते उशाशी घेऊन झोपत असे. प्रेम भरपूर होते, हिशेब ठाऊक नव्हता. आम्ही शास्त्राचे शिक्षक झालो, याचे एक कारण तो माठ आहे.

साखर, मीठ आणि पाणी

याहून मोठे दुःख असे की, त्या वेळी हे ज्ञान जुने झाले होते. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या १८६ रोग्यांना तोंडावाटे द्रव देऊन बरे केल्याची हकीकत १९५३ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. सन १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने त्यामागचे कारण सुचवले. आतड्याच्या पेशींत एक असे दार आहे की, ते साखर आणि मीठ जोडीने आले तरच उघडते, आणि त्या दोहोंच्या मागोमाग पाणीही आत येते. पटकीच्या विषाने इतर व्यवहार बिघडले, तरी हे दार चालू राहते. म्हणून नुसते पाणी पुरेसे पडत नाही, पण योग्य प्रमाणात साखर-मीठ घातलेले पाणी जुलाब चालू असतानाही अंगी लागते.

सन १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले, आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज आणि क्षार यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते रोग्यांना पाजण्यास सांगितले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ३.६ वर आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आमची बहीण गेली ती बनगावनंतर सतरा वर्षांनी.

तेव्हा वाचक भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. घरात ओआरएसच्या दोन पुड्या नेहमी असाव्यात. पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती विरघळवावी, आणि चोवीस तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. प्रमाण चुकवू नये. साखर जास्त झाली तर ती उलट पाणी बाहेर ओढते, आणि मीठ जास्त झाले तर मुलाला अपाय होतो. चव आसवांहून खारट लागता कामा नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये, आणि खाणेही बंद करू नये. जस्ताच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

मात्र डोळे खोल गेले, मूल मलूल पडले, पिता येईनासे झाले, लघवी बंद झाली, चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसू लागली किंवा शौचात रक्त दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा, आणि वाटेतही पाजत राहावे.

इतर नेहमीच्या तक्रारी

आम्लपित्ताची तक्रार आज घरोघरी आहे. जठरातले आम्ल अन्ननलिकेत उसळले की छातीत जळजळते. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होणे, तंबाखू आणि मद्य यांनी ती वाढते. जठरव्रण, म्हणजे अल्सर, हा काळजी आणि तिखट यांमुळे होतो, असे पूर्वी मोठमोठे डॉक्टरही मानीत. पण १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना त्यामागे एक जंतू आढळला. लोकांना पटेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. सन २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी जठराला छिद्र पाडू शकते. शौच डांबरासारखे काळे झाले, वजन उतरू लागले किंवा घास अडकू लागला, तर सोडा पिऊन दिवस काढू नयेत.

बद्धकोष्ठाला पालेभाजी, कोंड्यासकट पीठ, पाणी आणि चालणे हा पहिला उपाय. परंतु याचे एक कारण आम्ही शाळेत पाहतो आणि ते लिहिल्यावाचून राहवत नाही. शौचालय घाण असल्यामुळे कित्येक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि वेग आला तरी दाबून ठेवतात. मग पोट दुखते, आणि आपण त्यांना अभ्यास चुकवण्याचे निमित्त करते म्हणून रागावतो. दोष पोटाचा नसून आपला आहे.

उपवासाबद्दलही दोन शब्द. पोट रिकामे असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्याच्या टोकापर्यंत एक लाट जाते आणि उरलेसुरले कण झाडून नेते. सारखे काहीतरी तोंडात टाकत राहिले तर ही झाडलोट होत नाही. रोजा काय आणि एकादशी काय, पोटाला उसंत मिळते हे खरे. पण इफ्तारला भज्यांची परात पुढे ओढली, किंवा एकादशीला दुप्पट खाल्ले, तर ती उसंत वाया गेली म्हणून समजावे. मधुमेह किंवा व्रण असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शेवटची विनंती

ट्रस्टने पन्नास वर्षांत शिष्यवृत्त्या दिल्या, पुस्तके वाटली, अडल्यानडल्यास हात दिला. त्या कार्यात आमची एवढीच भर असू द्यावी की, यंदाच्या पावसाळ्याआधी प्रत्येक सभासदाच्या घरी दोन पुड्या पोहोचाव्यात, आणि त्या कशा कालवायच्या हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला आधी दाखवावे. कारण आजारी मुलाच्या उशाशी शब्द तिचाच चालतो. आमच्या दादीला हे कोणी दाखवले असते, तर तिने रात्रभर जागून चमच्याचमच्याने पाजले असते, याबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही.

ट्रस्टला दीर्घायुष्य लाभो आणि आपणा सर्वांच्या घरी आरोग्य नांदो, ही प्रार्थना करून लेखणी खाली ठेवतो.