दोन रामा आणि एक साळू: जुन्या कागदांतला पूर्वज आपलाच कशावरून?

जुन्या कागदांत पूर्वज शोधायला निघालात की सुरुवातीला वाटतं, कागद मिळणं हीच मोठी अडचण. खरी अडचण त्यापुढे येते. कागद मिळतो, त्यात हवं ते नावही असतं. पण तो माणूस तुमचाच खापरपणजोबा कशावरून?

माझ्या पीएच.डी.चा विषय याच्याच आसपासचा आहे. दोन वेगळ्या नोंदींमधला माणूस एकच आहे का, हे आकड्यांनी तपासायच्या पद्धतीला 'रेकॉर्ड लिंकेज' म्हणतात. हॉवर्ड न्यूकोम्ब या कॅनडातल्या जनुकशास्त्रज्ञाने 1959 साली जन्म आणि विवाहाच्या नोंदी संगणकाने जोडायची रीत मांडली. 1969 मध्ये फेलेगी आणि सुंटर या दोघांनी तिला पक्का गणिती पाया दिला. दवाखान्यांच्या आणि जनगणनेच्या नोंदी जोडताना आजही हाच विचार वापरतात.

विचार तसा सोपा आहे. नाव जुळलं की दोन प्रश्न विचारायचे. माणूस खरंच एकच असेल, तर नाव जुळायची शक्यता किती? आणि माणसं वेगळी असतील, तर निव्वळ योगायोगाने जुळायची शक्यता किती? पहिली शक्यता दुसरीच्या जितके पट जास्त, तितकं त्या जुळण्याला वजन. म्हणजे दुर्मिळ नाव जुळलं तर वजन भारी, आणि गल्लोगल्ली सापडणारं नाव जुळलं तर हलकं.

आता एक काल्पनिक गाव घ्या. तिथे 400 पुरुष आहेत. दर 20 पुरुषांत एक 'रामा' आणि दर 20 बापांत एक 'गणू'. मृत्यूच्या नोंदवहीत तुम्हाला 'रामा वल्द गणू' सापडला (वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा). स्वतःचं नाव जुळलं, बापाचंही जुळलं, आता आणखी काय हवं? पण 20 गुणिले 20 म्हणजे 400. तेव्हा या गावात सरासरी एक 'रामा वल्द गणू' नुसत्या योगायोगानेही सापडेल. त्यात जुन्या नोंदींत आडनाव कितीदा तरी नसतंच.

आपल्याकडे गोष्ट याहून अवघड होते, कारण नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. गणूचा मुलगा रामा, रामाचा मुलगा गणू, आणि त्या गणूचा मुलगा पुन्हा रामा. म्हणजे साधारण पन्नास वर्षांनी त्याच घरात, त्याच जमिनीवर, हुबेहूब त्याच नावाचा माणूस उभा! प्रत्येक नाव स्वतंत्रपणे जुळतं असं धरून गणित गुणाकार करतं. आपल्या घराण्यांत नावं एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून तो गुणाकार फसवा ठरतो.

मग दोन रामा वेगळे कसे करायचे? बायकोच्या नावावरून. समजा, तुमच्या घरी एवढंच माहीत आहे की खापरपणजोबा रामा आणि त्यांची बायको साळू. कोतवाल बुकात 1911 साली 'रामा वल्द गणू, वय 60' वारल्याची नोंद आहे. आनंदाने तिथेच थांबू नका. 1934 च्या फेरफारात (गाव नमुना 6) आणखी एक 'रामा वल्द गणू' मयत दिसतो, आणि वारस म्हणून लहान मुलांची नावं लागतात, 'अ.पा.क. आई साळू'. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तुमचा रामा हाच. 1911 चा रामा बहुतेक त्याचा आजोबा.

वंशावळीच्या तक्त्यात साळूला जागाच नसते, तिथे फक्त पुरुषांची साखळी असते. पण ती साखळी बरोबर आहे की नाही, हे साळूच सांगते. म्हणून कागद चाळताना 'कोम' किंवा 'भ्रतार' हे शब्द (अर्थ, अमक्याची बायको), विधवेचं नाव लागलेले फेरफार आणि अ.पा.क.च्या नोंदी आवर्जून टिपा. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही बायकांची नावं अनेकदा मिळतात. एक सावधगिरी मात्र हवी: लग्नात नाव बदललं असेल, तर माहेरच्या गावात साळू दुसऱ्याच नावाने नोंदलेली असणार.

उलट बाजूही लक्षात ठेवा. नाव जुळलं नाही म्हणून लगेच माणूस बाद करू नका. एकच जण एका कागदात रामा, दुसऱ्यात रामजी, तिसऱ्यात रामचंद्र असू शकतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द सलग लिहितात, त्यामुळे वाचणाऱ्यागणिक नाव थोडं बदलतं. सनही तपासा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो (जानेवारी ते पाडव्याच्या आधीपर्यंत 79), आणि दख्खनी फसलीत साधारण 590 मिळवायचे. फसली साल शक समजून वाचलं, तर माणूस पाचशे वर्षं इकडचा तिकडे जातो.

एवढा काटेकोरपणा कशाला? कारण या नोंदींवर आज घरं अवलंबून आहेत. 2023 पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि हजारो लोक जुनी दप्तरं धुंडाळू लागले. ओबीसी दाखल्यासाठी 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा ज्याच्या नावावर आहे त्याच्याशी आपलं नातं दाखवावं लागतं. एक रामा चुकला, तर त्याच्या वरची अख्खी वंशावळ दुसऱ्याच्या घरची. पडताळणीत ते उघड झालं की मुलीचा प्रवेश किंवा मुलाची नोकरी अडकते.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा: तुमच्या सासूचं नाव काय, आजेसासूचं काय, आणि त्यांची माहेरं कुठली? उत्तरं वहीत लिहून ठेवा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. दप्तरातला कागद उद्याही सापडेल. ही नावं बहुतेक घरांत एकाच माणसाला आठवत असतात.